विश्लेषण : थीम पार्कमध्ये विशेष मुलांची घुसमट का होते? रांगेबाहेर थांबण्याची सोय का हवी?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थीम पार्कच्या सहलीची सूचना येते आणि बहुतेक मुलं दिवस मोजायला लागतात. पण ऑटिझम, एडीएचडी, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं ज्या घरात आहेत, तिथे याच सूचनेनं काळजी सुरू होते. गर्दी, डीजे, किंकाळ्या, ऊन आणि तासभराची रांग. मूल हे सहन करेल का? नाही केलं तर आजूबाजूचे लोक काय म्हणतील? कधी कधी शाळाच हळूच सुचवते, ‘त्याला यंदा घरीच ठेवलं तर बरं होईल.’

पालकांनी काय तयारी करावी, हे या लेखात आहेच. पण सगळा भार पालकांवर टाकणं अन्यायाचं आहे, असं माझं मत आहे. या त्रासाचा मोठा भाग पार्कच्या व्यवस्थेतून येतो आणि तो कमी करायला लागणारी यंत्रणा अनेक पार्ककडे आधीपासून आहे. ती आज जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी वापरली जाते, एवढंच. हे नेमकं कसं, ते समजून घेऊ.

सेन्सरी ओव्हरलोड म्हणजे काय?

आपल्या मेंदूकडे प्रत्येक क्षणी आवाज, उजेड, वास, स्पर्श, चव अशी माहिती येत असते. शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. त्याशिवाय आणखी तीन जाणिवा आहेत : शरीराचा तोल आणि गती ओळखणारी, हात-पाय कुठे आहेत हे सांगणारी आणि भूक, तहान, लघवी अशा आतल्या गरजा कळवणारी. बहुतेकांचा मेंदू यातली बिनमहत्त्वाची माहिती आपोआप बाजूला टाकतो. पंख्याचा आवाज थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो, तो याच कारणानं.

काही मुलांच्या मेंदूत ही गाळणी वेगळ्या पद्धतीनं काम करते. पंखा, मागच्या टेबलावरचं बोलणं, शर्टाच्या कॉलरचं लेबल, तळणाचा वास हे सगळं सारख्याच जोरानं आत येतं. हे सांभाळण्याच्या क्षमतेपलीकडे गेलं की त्याला ‘सेन्सरी ओव्हरलोड’ म्हणतात. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७०च्या दशकात या विषयाची पायाभरणी केली. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांमध्ये घेतलं गेलं.

इथे ‘जास्त किंवा कमी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काही मुलांना गोल फिरणं, उड्या मारणं, जोराचा झोका हवाहवासा वाटतो. त्यामुळे रोलर कोस्टरवर तीनदा आनंदानं बसलेलं मूल स्वच्छतागृहातल्या हात वाळवण्याच्या यंत्राला घाबरून रडू शकतं. यात विसंगती नाही. दोन वेगळ्या जाणिवांची ती दोन वेगळी उत्तरं आहेत.

अशी मुलं किती आहेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण दर १२७ जणांमागे एकाला ऑटिझम होता. भारतात पाच ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. ऑटिझम, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, ऐकण्या-पाहण्यातले आणि शिकण्यातले अडथळे असे मेंदूच्या विकासाशी संबंधित प्रकार त्यात एकत्र मोजले होते. ६ ते ९ वर्षं वयाच्या मुलांमध्ये यातला किमान एक प्रकार असण्याचं प्रमाण १३ टक्क्यांच्या वर निघालं. या सगळ्यांनाच ओव्हरलोडचा त्रास होतो असं नाही. तरीही सहलीच्या प्रत्येक बसमध्ये अशी काही मुलं असणार, हे धरून चालायला हरकत नाही.

हट्ट आणि मेल्टडाउन यात फरक काय?

बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मूल जमिनीवर लोळतं, किंचाळतं, हात-पाय झाडतं. पण हट्टामागे काहीतरी मिळवायचं असतं. मूल अधूनमधून आई-बाबांकडे बघतं आणि आइस्क्रीम मिळालं की बहुधा शांत होतं. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. समोर आवडता खाऊ धरला तरी उपयोग होत नाही. ‘एक फटका द्या, गप्प बसेल’ हा सल्ला इथे नुसता निरुपयोगी नाही, तर त्रास वाढवणारा आहे.

काही मुलं ओरडतही नाहीत. ती एकदम गप्प होतात, कोपऱ्यात बसतात, हाकेला ओ देत नाहीत. ‘किती शहाणं मूल आहे’ असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तोही ओव्हरलोडच असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेल्टडाउन बहुतेकदा एका कारणानं होत नाही. सकाळी लवकर उठणं, बसचा प्रवास, ऊन, नवीन कपडे, अर्धवट नाश्ता, रांग हे सगळं साचत जातं. मग कुणीतरी बाजूला शिट्टी वाजवतं आणि बांध फुटतो. आपण दोष शिट्टीला देतो. खरं काम तिच्या आधीच्या चार तासांत करायचं असतं.

थीम पार्कमध्येच त्रास जास्त का?

कारण थीम पार्क बनवलेलंच असतं संवेदना वाढवण्यासाठी. झगमगाट, मोठं संगीत, अचानक येणारा धक्का हाच तिथला माल आहे. आपल्याकडच्या वॉटर पार्कमध्ये तर यात खास भर पडते. रेन डान्सला डीजे असतो. लाटांच्या तलावात लाटा सुरू होण्याआधी अनेक ठिकाणी भोंगा वाजतो. नायलॉनचाच पोशाख हवा, असा नियम असतो. अंगाला चिकटणारं ओलं नायलॉन एखाद्या मुलासाठी दिवस संपवायला पुरेसं असतं.

आवाजाचं गणित थोडं वेगळं आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. कॅनडातल्या नोरा कीगन या शाळकरी मुलीनं सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या हात वाळवण्याच्या यंत्रांचा आवाज मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजला. काही यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला. तिचं संशोधन २०१९ मध्ये बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालं. मोठ्यांच्या उंचीवर ठीक वाटणारी वस्तू मुलाच्या कानाशी काय करते, हे तोवर फारसं कुणी मोजलं नव्हतं.

याच गणिताचा एक फायदाही आहे. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे ५ मीटरवरून ४० मीटरवर गेलात तर सुमारे १८ डेसिबल कमी. भिंती आणि गर्दीमुळे प्रत्यक्षात आकडा बदलतो, पण नियम कामाचा आहे. बसायला जागा शोधताना सावलीइतकंच स्पीकरपासूनचं अंतरही बघा.

सगळ्यात अवघड काय? राइड की रांग?

राइड दोन-तीन मिनिटांची असते. रांग अर्धा ते दीड तासाची. लोखंडी कठड्यांमध्ये अनोळखी माणसं अंगाला लागतात, पुढे किती वेळ आहे ते कळत नाही आणि मधूनच बाहेर पडायला वाट नसते. राइडवर मजा करू शकणारं मूल राइडपर्यंत पोहोचतच नाही, ते या रांगेमुळे.

इंजिनिअरिंगला आम्हाला रांगेचं गणित शिकवलं होतं. त्यात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : रांगेतली माणसं म्हणजे येणाऱ्यांचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. समजा, एका राइडवर तासाला ६०० जण बसतात आणि रांगेत ३०० जण आहेत. म्हणजे नव्यानं आलेल्याला अर्धा तास थांबावं लागेल. आता या मुलाला नंबर दिला आणि ‘अर्ध्या तासानं या, तोवर त्या झाडाखाली बसा’ असं सांगितलं, तर काय बदललं? मुलानं अर्धा तासच वाट पाहिली. मागच्या कुणाचाही एक सेकंद वाढला नाही. फक्त वाट पाहण्याची जागा बदलली.

हे आपल्याला नवीन नाही. बँकेत टोकन घेऊन आपण खुर्चीवर बसतो. तिरुपतीला दर्शनाची वेळ ठरवून टोकन मिळतं. दवाखान्यात नंबर लावून आपण खाली चहा पिऊन येतो.

आता दुसरी बाजू बघा. खालापूरजवळच्या इमॅजिकासारख्या किंवा दक्षिणेतल्या वंडरलासारख्या मोठ्या पार्कमध्ये जादा पैसे भरून वेगळ्या, जलद रांगेतून जाण्याची तिकिटं मिळतात. अशा तिकिटानं पुढे गेलेल्या प्रत्येक माणसामुळे साध्या रांगेतल्यांचा वेळ वाढतो. तरी ती पद्धत आपण मुकाट्यानं मान्य केली आहे. म्हणजे वेगळी रांग, वेगळं प्रवेशद्वार, वेगळा हातपट्टा आणि ते तपासणारा माणूस हे सगळं तयार आहे. कुणाचाही वेळ न वाढवणारी सोय मात्र मागावी लागते. माझा आक्षेप इथे आहे.

जगातल्या पार्कनी काय केलं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं ‘सेसमी प्लेस’ हे एप्रिल २०१८ मध्ये ‘सर्टिफाइड ऑटिझम सेंटर’ असं प्रमाणपत्र मिळवणारं जगातलं पहिलं थीम पार्क ठरलं. तिथे प्रत्येक राइडसमोर पाच आकडे असतात. स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य यांचा त्रास १ ते १० मध्ये किती, हे ते आकडे सांगतात. शांत खोल्या आहेत आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलेलं असतं. हे प्रमाणपत्र देणारी संस्था खासगी आहे, त्यामुळे त्याला सरकारी शिक्का समजू नये. पण पाच आकड्यांची कल्पना कुणीही उचलावी अशी आहे.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ सुरू झालं. गॉर्डन हार्टमन यांनी आपली मुलगी मॉर्गन हिच्यावरून ते उभारलं. तिथे दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. व्हीलचेअरसह चढता येतील अशा राइड आहेत. २०१७ मध्ये शेजारी वॉटर पार्क झालं, तिथे बॅटरीऐवजी दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या व्हीलचेअर आहेत. हे पार्क फक्त दिव्यांगांसाठी नाही. सगळे एकत्र खेळतात, हीच त्यामागची कल्पना आहे.

ब्रिटनमध्ये मॉरिसन्स या सुपरमार्केटनं २०१८ पासून शनिवारी सकाळी एक तास संगीत बंद, दिवे मंद आणि घोषणा कमी अशी पद्धत सुरू केली. त्याला खर्च जवळपास शून्य.

अदृश्य दिव्यांगत्व ओळखता यावं म्हणून लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू झाली. ती घातलेल्या प्रवाशाला थोडा वेळ, थोडी मदत लागेल, हे कर्मचाऱ्यांना न विचारता कळतं. बेंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळानंही ती स्वीकारली आहे.

पण सवलतीचा गैरवापर होणार नाही का?

होतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत एक बातमी गाजली. डिस्नेच्या पार्कमध्ये दिव्यांग व्यक्तीला थेट पुढे सोडलं जायचं, म्हणून काही श्रीमंत कुटुंबं पैसे देऊन दिव्यांग ‘गाइड’ सोबत नेत होती. त्याच वर्षी डिस्नेनं पद्धत बदलली. थेट प्रवेशाऐवजी परत येण्याची वेळ मिळू लागली.

काही पालक त्याविरोधात न्यायालयात गेले. आमच्या मुलांना वाट पाहणं ही संकल्पनाच कळत नाही, त्यांना थेट प्रवेश हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयानं डिस्नेच्या बाजूनं निकाल दिला. मे-जून २०२४ मध्ये डिस्नेनं नियम आणखी कडक केले. ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक दिव्यांगत्वापुरती ठेवली, व्हिडिओ कॉलवर बोलणं आवश्यक केलं आणि खोटं सांगणाऱ्याला कायमची बंदी जाहीर केली. इतर आजार असलेले लोक त्यामुळे नाराज झाले.

यातून मी दोन गोष्टी घेते. पहिली, सवलत ‘लवकर जाण्याची’ असेल तर तिला बाजारभाव येतो. सवलत ‘दुसरीकडे थांबण्याची’ असेल तर फसवून मिळणारा फायदा फारच थोडा. दुसरी, नियम कितीही चांगला असला तरी काही मुलं त्यात बसणार नाहीत. त्यांच्यासाठी दिवसातून एक-दोन राइडवर थेट सोडण्याचा अधिकार पार्कच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे हवा.

आपल्याकडे पडताळणीसाठी केंद्र सरकारचं यूडीआयडी कार्ड आहे. पण ते नसलेल्या मुलाला गेटवरूनच परत पाठवू नये. अनेकांचं निदान, प्रमाणपत्र, कार्ड ही प्रक्रिया सुरू असते. डॉक्टरांचं किंवा शाळेचं पत्र पुरेसं मानता येईल.

भारतातला कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी आहेत. या कायद्यातल्या काही गोष्टी पालकांना माहीत असायला हव्यात.

• ‘वाजवी सोय’ : दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं हक्क वापरता यावा म्हणून गरजेचे आणि योग्य बदल. अट एवढीच, की त्याचा अवाजवी बोजा पडू नये. सावलीत बसवून टोकन देणं हा अवाजवी बोजा आहे, असं कुणालाही म्हणता येणार नाही.

• कलम १६ : सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेनं खेळ आणि मनोरंजनाची संधी इतर मुलांच्या बरोबरीनं द्यायची आहे. सहल त्यात येत नाही, असं कसं म्हणणार?

• कलम ४६ : सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, तिनं सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची आहे.

• कलम ८९ : कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपये.

तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. महाराष्ट्राचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे.

अडचण अशी, की सुगम्यता म्हटलं की आपल्याकडे रॅम्प आणि लिफ्ट एवढंच डोळ्यांसमोर येतं. आवाज आणि गर्दी हाही अडथळा आहे, हे नियमांत ठळकपणे यायला हवं. त्याची संधी आता आहे. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, त्यातला किमान भाग सक्तीचा हवा. केंद्राला तसे नियम करण्याचे निर्देशही दिले.

अशा प्रसंगी कर्मचारी कसा वागतो यावर किती अवलंबून असतं, हे पार्कबाहेरच्या एका घटनेत देशानं पाहिलं. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर घाबरलेल्या एका दिव्यांग मुलाला इंडिगोनं विमानात चढू दिलं नाही. कारण दिलं इतर प्रवाशांच्या सुरक्षिततेचं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं चौकशी केली. सहानुभूतीनं हाताळलं असतं तर मूल शांत झालं असतं, असा निष्कर्ष काढून कंपनीला ५ लाख रुपये दंड केला. पुढे नियमही बदलला. प्रवाशाची तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं, काउंटरवरच्या माणसाला एकट्यानं ठरवता येत नाही. पार्कच्या राइडसाठी अशी स्पष्टता का नसावी? उंची, वजन, हृदयविकार यांचे सुरक्षा नियम सगळ्यांना सारखे हवेतच. पण ‘हा मुलगा वेगळा वागतो’ हे राइड नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही.

पार्कनी काय करावं?

मोठा खर्च नको. पाच गोष्टी पुरेत.

१. प्रत्येक राइडची माहिती संकेतस्थळावर, मराठीतही : आवाज किती, अंधार आहे का, पाणी उडतं का, अचानक धक्का आहे का, किती मिनिटं चालते. आवाज मोजणारं यंत्र घेऊन एका दिवसात हे काम होतं.

२. रांगेबाहेर थांबण्याचं टोकन.

३. एक शांत खोली : मंद दिवे, पंखा, गादी, दाराबाहेर पाटी. महागडी उपकरणं नसली तरी चालेल, पण ती नकाशावर दाखवलेली हवी.

४. कर्मचाऱ्यांना रोज सकाळच्या सूचनांमध्ये दहा मिनिटं : मुलाला ओढू नका, माइकवरून ओरडू नका, पालकांना विचारा ‘काय मदत करू?’

५. महिन्यातून एखाद्या कामाच्या दिवशी सकाळचे दोन तास संगीत आणि भोंगे बंद.

यातल्या अनेक सोयींचा फायदा आजी-आजोबांना, तान्ह्या बाळाच्या आईला, अर्धशिशी असलेल्यांनाही होईल.

पालकांनी जाण्यापूर्वी काय करावं?

• पार्कला फोन करा. शांत जागा कुठे, रांगेसाठी काही सोय आहे का, बाहेरचं खाणं नेऊ देतात का, नायलॉनच्या पोशाखाला पर्याय आहे का, हे विचारा. उत्तर ईमेलवर मागा, गेटवर दाखवता येतं.

• दिवस निवडा. मोठा वीकेंड आणि शाळांच्या सहलींचे दिवस टाळा. गेट उघडताना पोहोचा, गर्दी चढायच्या आत पहिल्या राइड आटपा.

• घरी सराव करा. राइडचे व्हिडिओ आधी आवाज बंद करून, मग हळूहळू आवाज वाढवत दाखवा. पोशाख घरच्या बाथरूममध्ये दोन-तीनदा घालून भिजवून बघा.

• चित्रगोष्ट बनवा. बस, गेट, रांग, राइड, जेवण, घर असे फोटो क्रमानं लावा. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी रुळवलेली ‘सोशल स्टोरी’ची पद्धत अशीच आहे. पुढे काय होणार हे कळलं की भीती कमी होते.

• पिशवीत काय हवं? कान पूर्ण झाकणारे इअरमफ, टोपी, गॉगल, ओळखीचा खाऊ, पाणी, हातात खेळवायची आवडती वस्तू, जुने मऊ कपडे. कारखान्यात वापरतात तसे साधे इअरमफ साधारण २० ते ३० डेसिबल आवाज कमी करतात. महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन सततच्या घरघरीवर चांगले चालतात, अचानकच्या किंकाळीवर तेवढे नाहीत. राइडवर बसताना मात्र दोन्ही काढावे लागू शकतात, हे मुलाला आधी सांगा.

• खूण ठरवा. ‘पुरे’ म्हणण्यासाठी हाताची एक खूण. मुलानं ती केली की लगेच बाहेर पडायचं, ‘अजून थोडंच’ म्हणायचं नाही. एकदा खूण मोडली की मूल पुन्हा ती करणार नाही.

• तासानं थांबा. मूल तहान-भूक सांगेल याची वाट पाहू नका. घड्याळ लावून पाणी, स्वच्छतागृह आणि दहा मिनिटं शांतता.

• हरवण्याची तयारी. मनगटावर फोन नंबर लिहा, सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि बुडण्याचा धोकाही त्यांच्यात जास्त आढळतो. वॉटर पार्कमध्ये एक मोठं माणूस कायम हाताच्या अंतरावर हवं.

मूल कोलमडलंच तर?

बोलणं कमी करा. एकाच माणसानं, हळू आवाजात, दोन-तीन शब्द. ‘मी आहे. बाहेर जाऊ.’ शक्य तितक्या लवकर आवाजापासून दूर न्या. घट्ट मिठी काही मुलांना आधार देते, काहींना आणखी घाबरवते. आपलं मूल कोणतं, ते तुम्हालाच ठाऊक. प्रश्न विचारू नका, समजावू नका, शिक्षा तर नकोच. शांत झाल्यावरही अर्धा-एक तास मूल दमलेलं असतं. लगेच पुढच्या राइडकडे जाऊ नका.

आणि आजूबाजूच्या आपण सगळ्यांनी काय करायचं? मोबाइल खिशात ठेवायचा. व्हिडिओ काढायचा नाही. घोळका करायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. रांगेत जागा करून द्यायची आणि जमलं तर पालकांना एवढंच विचारायचं, ‘काही हवंय का?’

मग न्यावं की नाही?

‘एवढा त्रास आहे तर नेताच कशाला?’ हा प्रश्न या पालकांना नातेवाईकही विचारतात. काही मुलांसाठी न जाणं हाच योग्य निर्णय असतो. त्यांना नदीकाठ, शेत किंवा घरामागची बाग जास्त आनंद देते. त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय मूल आणि त्याच्या घरच्यांचा असावा. शाळेच्या सोयीसाठी किंवा गेटवरच्या माणसाच्या भीतीपोटी तो झाला, तर ते वगळणं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात दिव्यांग मुलांना खेळ आणि करमणुकीत समान संधी देण्याचं कलम आहे. भारतानं हा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारला. खेळणं हा शिक्षण आणि उपचार झाल्यावर उरलेल्या वेळातला लाड नाही, हे त्यात मान्य केलं आहे. भावंडांबरोबर एकाच फोटोत असणं, सोमवारी वर्गात सहलीच्या गप्पांमध्ये सांगायला आपलंही काही असणं, याची किंमत त्या मुलाला विचारा.

म्हणून यंदा सहलीची सूचना आली की दोन प्रश्न विचारू या. शाळेला : ‘आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी तुम्ही पार्कशी बोललात का?’ आणि पार्कला : ‘रांगेबाहेर थांबायची सोय आहे का?’ हे प्रश्न फक्त विशेष मुलांच्या पालकांनी विचारले तर ती विनंती ठरते. वर्गातल्या चाळीस पालकांनी विचारले तर पार्कला उत्तर द्यावंच लागेल.